सायलेन्सर बदलला की जेटही बदलायचा का?

घाटवाट_३५०
माझं मत पक्कं आहे: कार्बवाल्या (कार्ब्युरेटरच्या) गाडीला मोकळा सायलेन्सर लावून जेटिंग, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांचं (जेटचं) माप, तसंच ठेवलं, तर काम अर्धवट राहिलं. माझी २०१६ची क्लासिक ३५०. सायलेन्सर बसवणारा म्हणाला, "काही करावं लागत नाही, बिनधास्त चालवा." पसरणी घाट चढताना इंजिन भट्टीसारखं तापलं, उतरताना थ्रॉटल सोडला की फटाके. घरी येऊन प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, पेट्रोल आणखी वाढावं म्हणून कार्बमधल्या सुईखाली बारीक वॉशर घातला. आता प्लग चहाच्या रंगाचा आहे, फटाके जवळजवळ बंद आणि पिकअपही सुधारला. वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढतं, मग पेट्रोल जुन्याच मापानं कसं पुरेल?

तांबडं_गॅस्केट
दादा, इथेच चूक होते. हवा जास्त ओढली की कार्बच्या गळ्यातली ओढही वाढते आणि जेटमधून पेट्रोलही जास्त येतं. कार्ब मुळात त्याच तत्त्वावर चालतो. मिश्रण थोडं सरकतं, नाही असं नाही; पण नुसता मागचा सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर कंपनीचाच आहे, तर फरक फार नसतो.
फटाक्यांचं म्हणाल तर आधी बेंड पाइपचा (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीचा) जोड बघा. तिथून बाहेरची हवा आत शिरली की थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. गार इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. गळतीवर मोठा जेट हा उपाय नव्हे. आवाज दबेल, दुखणं तसंच राहील आणि ॲव्हरेज जाईल.
आणखी एक. पसरणी घाटाच्या माथ्यावरचं पाचगणी पुण्यापेक्षा सुमारे ७०० मीटर उंच. हवा विरळ, म्हणजे कार्बची गाडी वर गेली की उलट रिच (पेट्रोल जास्त) होते. मग चढावर तापली ती लीनमुळेच (पेट्रोल कमी पडल्यानेच), हे कशावरून? दुसऱ्या गिअरमधला लांब चढ कुठल्याही एअर-कूल्ड इंजिनाला तापवतो.

घाटवाट_३५०
गॅस्केट नवीन टाकलं होतं. साबणाचं पाणी लावून पाहिलं नव्हतं, हे मान्य. पण पांढऱ्या प्लगचं काय?

दोन_स्ट्रोक
मी घाटवाटांच्या बाजूनं. टू-स्ट्रोक आरएक्स १००ला चेंबर (फुगीर पोटाचा एक्झॉस्ट पाइप) लावला, जेट तोच ठेवला. हायवेवर फुल थ्रॉटलला पिस्टन जाम, मागचं चाक लॉक. पडलो नाही हे नशीब. टू-स्ट्रोकमध्ये चेंबर नुसता धूर सोडत नाही. त्यातली दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते, म्हणून चेंबर बदलला की इंजिनची भूकच बदलते. तिथे "आधी बघू, मग जेट" चालत नाही.
मिश्रण जुळवायला कार्बचा स्क्रू फिरवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा. आरएक्सच्या कार्बचा स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की लीन. बुलेटच्या मिकुनी बीएस कार्बचा इंजिनाकडचा स्क्रू मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच. एका गाडीची सवय दुसरीवर वापरलीत तर नेमकं उलटं होईल.

तांबडं_गॅस्केट
टू-स्ट्रोकबद्दल पूर्ण सहमत. माझं बोलणं फोर-स्ट्रोकच्या सायलेन्सरपुरतं होतं.
घाटवाट, प्लग कसा बघितलात? घरापर्यंत सावकाश येऊन काढलेला प्लग मेन जेटबद्दल काहीच सांगत नाही. नवा प्लग टाका, मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल द्या, तिथेच किल स्विच दाबून क्लच ओढा, मग बघा. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुना जेट सायलेन्सर न बदलताही लीनकडे झुकलेला असतो. तुमचा मोठा जेट कदाचित सायलेन्सरची नाही, पेट्रोलची भरपाई करतोय.

इंजेक्शनवाली
एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांबद्दल (कार्बऐवजी इंजेक्शनवाल्या) कोणीच बोललं नाही. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी-जास्त करतो, म्हणून "काही करू नका" हे संथ चालवताना बऱ्याच अंशी खरं आहे. पण फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, आतल्या ठरलेल्या मॅपवर (किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्यावर) चालतो. बेंड पाइपसकट सगळं बदललंत तर तिथे मॅप सुधारावा लागतो. तोही डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर), मोजून. कोणाचा तरी तयार मॅप उचलून टाकू नका. आणि नव्या पाइपला सेन्सरची जागा आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

घाटवाट_३५०
पेट्रोलचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. रविवारी जेट आणि वॉशर तसेच ठेवून कंपनीचा सायलेन्सर परत लावतो आणि सांगितल्याप्रमाणे प्लग बघतो. रंग चहाचाच राहिला तर तुमचं खरं. काळा पडला, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर जेट सायलेन्सरलाच हवा होता.

तांबडं_गॅस्केट
त्याच पंपाचं पेट्रोल भरा. आणि साबणाचं पाणी सायलेन्सर काढायच्या आधी लावा, नंतर नाही.