लाकडं वेचणाऱ्याला दगड, कणसं खुडणाऱ्यांना मुभा?

दगडीपूल: बायबलमधल्या गणना या पुस्तकात, १५ व्या अध्यायात, शब्बाथला (यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस) लाकडं वेचणारा माणूस धोंडमार होऊन मेला. मार्क २ मध्ये शिष्य शब्बाथलाच कणसं खुडतात आणि येशू त्यांचीच बाजू घेतो. माझ्या मते शब्बाथ कडकच पाळायचा असतो, सवलती नंतर घुसवल्या गेल्या.

कोरांटी: नंतर कशा? गणना २८:९-१० पाहा. शब्बाथला रोजच्या होमाखेरीज दोन कोकरं जादा. म्हणजे याजकांचं काम त्या दिवशी उलट वाढतं. मत्तय १२:५ मध्ये येशू त्यावरच बोट ठेवतो. सुंतेचा आठवा दिवस शब्बाथला आला तरी सुंता टळत नाही (योहान ७:२२).

दगडीपूल: ती देवाचीच आज्ञा, तिथे वाद नाही. पोटाचं बोला. निर्गम १६ मध्ये सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर (एक माप) मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, गोळा करायचा, भाजणं-शिजवणं तेव्हाच उरकायचं. तरी काहीजण सातव्या दिवशी वेचायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. शब्बाथ बिघडतो तो आदल्या दिवशी. ढिलाईचं पुढे काय होतं ते नहेम्या १३ मध्ये आहे: द्राक्षकुंडं चालू, गाढवांवर धान्याची ओझी, सोर शहराचे लोक मासे विकतायत. नहेम्याने अंधारायला लागताच यरुशलेमच्या वेशी लावून घेतल्या, तरी व्यापारी एक-दोनदा कोटाबाहेर मुक्काम ठोकून बसलेच! हात टाकीन असा दम भरला तेव्हा हलले.

कोरांटी: तो बाजार होता, भूक नव्हे. अनुवाद या पुस्तकातल्या २३:२५ नुसार शेजाऱ्याच्या शेतात हाताने कणसं खुडता येतात, विळा लावता येत नाही. म्हणजे चोरीचा आरोप नव्हताच, आक्षेप फक्त दिवसाचा. लूक ६:१ मध्ये तर ते कणसं हातावर चोळतात. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातल्या, शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांत कापणी आणि मळणी दोन्ही आहेत, त्यामुळे आक्षेप घेणाऱ्या परूशांना (नियमांवर बोट ठेवणारा यहुदी पंथ) काय खुपलं ते कळतं. पण परूशी सर्वात कडक नव्हते हं. मृत समुद्राकाठच्या लेखांतला दिमिष्क दस्तऐवज हा यहुदी नियमग्रंथ खड्ड्यात पडलेलं जनावरही शब्बाथला काढू देत नाही. बैल विहिरीत पडला तर काढणार ना, असं येशू परूशांना विचारतो (लूक १४:५) तेव्हा ते निरुत्तर होतात.

दगडीपूल: बैल बुडत असतो. लूक १३ मध्ये येशू शब्बाथला बरी करतो ती बाई १८ वर्षं वाकलेली होती, रविवारपर्यंत थांबली असती. सभास्थानाचा अधिकारी म्हणतो, कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा या. चूक काय?

कोरांटी: येशूचं उत्तर तिथेच आहे. जनावर गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेताच की! गाठ सोडणं हेही त्या ३९ मध्ये येतं. शिवाय अनुवाद ५ शब्बाथचं कारण मिसरातली गुलामी देतं, दास-दासी आणि बैल-गाढवालाही विसावा देतं. बांधलेल्याला सोडवणं हा शब्बाथचा भंग कसा?

रेवदंडा: मूळ प्रश्नाचं राहिलंच. लाकडं वेचणाऱ्याच्या लगेच आधी, गणना १५:३०-३१ मध्ये, मुद्दाम उद्दामपणे केलेल्या पापाचा नियम आहे. शिष्य उद्दाम नव्हते, भुकेले होते (मत्तय १२:१). आणि १५:३४ वाचा: त्याला आधी अटकेत ठेवलं, कारण काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. निकाल मोशेकडेही तयार नव्हता. तपशिलांच्या यादीविनाही दिवस टिकतो. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी मिश्ना हाताशी नसतानाही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून तर गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

दगडीपूल: घाणा बंद होता ना? भुकेल्यांपुरता चालू नव्हता.