व्हीआरमध्ये (आभासी वास्तवात) लाइट गनचे, म्हणजे टीव्हीवर रोखायच्या बंदुकीचे, जुने खेळ : नेम सारखा डावीकडे आणि खाली का जातो?

पिवळी_कॅसेट यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी. लहानपणी आमच्या घरी कॅसेटचा व्हिडिओ गेम होता आणि त्याच्या खोक्यात प्लॅस्टिकची एक बंदूक आली होती. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती दोन्ही यंत्रे सापडली. हौसेने एव्ही पिना लावून ती बैठकीतल्या एलईडी टीव्हीला जोडली. चित्र आले, आवाज आला, बदकेही उडाली, पण टीव्हीच्या काचेला नळी टेकवून चाप ओढला तरी एकही बदक पडले नाही.

त्यानंतर मी संगणकाला जोडलेल्या व्हीआर हेडसेटवर एम्युव्हीआर हा जुने व्हिडिओ गेम खेळवणारा प्रोग्राम बसवला. त्यात नव्वदच्या दशकातली एक खोली आहे. कॅसेट हाताने उचलून यंत्रात खुपसायची आणि समोरच्या डबा टीव्हीवर खेळ सुरू करायचा. इथे बंदूक चालते, परंतु माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) जिथे धरावी त्याच्या डावीकडे आणि थोडी खाली गोळी लागते. बदके टिपण्याच्या डक हंटमध्ये अंदाजाने निभावून नेतो. टाइम क्रायसिस या प्लेस्टेशनवरच्या गोळीबाराच्या खेळात मात्र तीन गोळ्यांपैकी दोन भिंतीत जातात. पडद्यावर फुली दाखवण्याचा पर्याय सुरू केला की सगळे जमते, पण मग तो माउसचाच खेळ होतो आणि बंदूक धरण्याची गंमत उरत नाही. शिवाय बंदूक डोळ्याजवळ आणली की ती हवेत थरथरते. जुनी बंदूक नव्या टीव्हीवर का चालली नाही, आणि फुली न दाखवता व्हीआरमधला नेम कसा सुधारावा, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

जुनी_ट्यूब यांचे उत्तर :

आपल्या बंदुकीत बहुधा काहीच बिघडलेले नाही. निन्टेन्डोची झॅपर आणि आपल्याकडे तिच्या नकला म्हणून आलेल्या बंदुका गोळी सोडत नाहीत, त्या फक्त बघतात. चाप ओढताच डक हंट (१९८४) एका फ्रेमपुरता (एका स्थिर चित्रापुरता) पूर्ण पडदा काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी काळोख आणि मग लगेच उजेड दिसला तरच नेम लागला असे धरले जाते. दोन बदके असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात आणि उजेड कितव्या फ्रेमला दिसला यावरून कोणते बदक पडले ते ठरते. काळ्या फ्रेमची ही तपासणी असल्यामुळेच बल्बकडे नळी करून गुण मिळवण्याची आपली सर्वांची युक्ती झॅपरवर फसत असे.

यातली प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या साठाव्या भागाइतकीच टिकते आणि ती वेळेवर दिसायला हवी. आजचा टीव्ही चित्र आधी स्वतःजवळ घेऊन त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो, त्यामुळे पांढरा चौकोन येईपर्यंत बंदुकीची वाट पाहण्याची वेळ संपलेली असते. त्याखेरीज झॅपरमधले सर्किट पिक्चर ट्यूबच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीशी जुळवलेले असते आणि एलईडी पॅनेलच्या उजेडात ती लुकलुक नसते. म्हणून नळी काचेला टेकवूनही उपयोग झाला नाही.

टाइम क्रायसिससाठी नाम्कोने काढलेली गनकॉन वेगळ्या जातीची आहे. तिची एक तार टीव्हीच्या पिवळ्या पिनेलाच जोडली जाते आणि चित्राचा सिग्नल बंदुकीलाही मिळतो. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली, ओळीमागून ओळ फिरत असतो. तो नळीसमोरून गेल्याचे बंदुकीला दिसले की फ्रेम सुरू होऊन किती वेळ झाला यावरून कितवी ओळ आणि ओळीतली कितवी जागा ते काढता येते. एका ओळीला साधारण ६४ मायक्रोसेकंद लागतात, यावरून हा हिशेब किती बारीक आहे ते लक्षात यावे. अंधाऱ्या भागावर नेम असेल तर झोताचा उजेड पुरत नाही, म्हणून अशा अनेक खेळांत गोळी झाडताच पडदा पांढरा चमकतो.

व्हीआरमध्ये यातले काहीच प्रत्यक्ष घडत नाही. हातातल्या कंट्रोलरमधून निघालेली एक काल्पनिक रेघ आभासी टीव्हीच्या काचेला कुठे छेदते ते मोजले जाते आणि ती जागा एम्युलेटरला (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) कळवली जाते. झॅपरच्या खेळात कोअर (एम्युलेटरमधला त्या त्या यंत्राची नक्कल करणारा भाग) त्या जागेचा उजेड स्वतःच काढलेल्या फ्रेममध्ये तपासतो, त्यामुळे हेडसेटपर्यंत चित्र उशिरा पोहोचले तरी चौकोन चुकत नाही. त्या उशिराचा त्रास फक्त आपल्या डोळ्यांना होतो, कारण दिसणारे बदक किंचित शिळे असते.

माशी_आणि_खाच यांचे उत्तर :

वरचे विवेचन उत्तम आहे. मी फक्त नेमाविषयी लिहिते. नेम चुकण्याची तीन वेगळी कारणे असतात आणि कोणते कारण आहे ते न पाहता सेटिंग फिरवत बसले तर आठवडा सहज जातो. मी स्वतः तो घालवला आहे.

पहिले कारण कोनाचे. कंट्रोलर मुठीत ज्या कलाने बसतो तो कल आणि पिस्तुलाच्या नळीची दिशा एक नसते. म्हणूनच व्हीआर हेडसेटांसाठीच्या ओपनएक्सआर या प्रणालीत मुठीची स्थिती आणि रोखण्याची स्थिती अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या आहेत. दुसरे कारण जागेचे : खेळाच्या आतले कॅलिब्रेशन (बंदुकीचा नेम पडद्याशी जुळवून घेणे) चुकले असेल तर प्रत्येक गोळी पडद्यावर ठरावीक अंतराने सरकते. तिसरे कारण मापाचे : चित्राच्या कडा कापल्या गेल्या असतील किंवा चार-तीनचे चित्र ताणले गेले असेल तर मध्यावरचा नेम बरोबर येतो आणि कडेला जावे तसा बिघडतो.

परीक्षा सोपी आहे. टीव्हीपासून दोन मीटरवर उभे राहून मध्यावर पाच गोळ्या झाडाव्यात, मग एक मीटरवर येऊन पुन्हा पाच झाडाव्यात. चूक जवळ आल्यावर निम्मी झाली तर दोष कोनाचा आहे; तेवढीच राहिली तर कॅलिब्रेशनचा. मग चारही कोपरे तपासावेत. दोन अंशांचा फरक मुठीत जाणवतसुद्धा नाही, पण दोन मीटरवर तो सुमारे ७ सेंटिमीटर होतो. २१ इंची डबा टीव्हीचा पडदा जेमतेम ४३ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे रुंदीचा सहावा भाग तिथेच गेला. अख्खे बदक चुकवायला एवढे पुरे.

कोअरमधली नोंदही पाहून घ्यावी. एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया या निन्टेन्डोच्या कोअरमध्ये झॅपर दुसऱ्या पोर्टला असावी लागते, बीटल पीएसएक्स या प्लेस्टेशनच्या कोअरमध्ये पहिल्या पोर्टला साध्या कंट्रोलरऐवजी गनकॉन निवडावी लागते. व्हर्चुआ कॉप किंवा हाउस ऑफ द डेडसारख्या खेळांत पडद्याबाहेर झाडून गोळ्या भरायच्या असतात. ते होत नसेल तर हे कोअर चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये रीलोडसाठी वेगळे बटण नेमता येते. मला स्वतःला ते बटण आवडत नाही. टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर बंदूक झटकन वळवून परत आणण्यातच त्या खेळाची लय आहे.

पिवळी_कॅसेट :

दोघांचेही मनापासून आभार. परीक्षा केली. आभासी टीव्हीच्या काचेवर मोजपट्टी लावता येत नसल्यामुळे बदकाच्या रुंदीवरून अंदाज घेतला. डक हंटमध्ये दोन मीटरवर चूक सव्वा बदकाएवढी होती आणि एक मीटरवर अर्ध्या बदकाहून थोडी जास्त. म्हणजे दोष कोनाचाच. टाइम क्रायसिसमध्ये मात्र चूक निम्मी झाली नाही, थोडीशीच कमी झाली, आणि तिथेच माझी गाडी अडली आहे.

खिडकी_बंद यांचे उत्तर :

थरथरण्याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. आपला हेडसेट कॅमेऱ्यांनी हात बघणारा असेल तर कंट्रोलर गालाजवळ येताच तो कॅमेऱ्यांच्या नजरेआड होतो. मग यंत्र आतल्या गतिसंवेदकांवरून अंदाज बांधते आणि तो अंदाज काही क्षणांतच भरकटतो. हात लांब करून, कोपर किंचित वाकवून नेम धरावा आणि दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्यावा. एक डोळा मिटायला हरकत नाही, हेडसेटमध्येही माशी आणि खाच तशीच जुळते.

खोलीत ट्यूबलाइट असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि काही हेडसेटांत ट्रॅकिंगची वारंवारिता ५० किंवा ६० अशी निवडता येते. ती ५० असावी. खिडकीतले ऊन आत येऊ देऊ नये, कारण भिंगांवर थेट ऊन पडले तर आतला पडदा भाजून निघतो. हे खेळ सेकंदाला साठ फ्रेमचे असल्यामुळे ७२ किंवा ९० हर्ट्झवर काही फ्रेम दोनदा दिसतात आणि बदक अडखळत उडते. १२० हर्ट्झ परवडत असेल तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते. टाइम क्रायसिसमध्ये आडोशातून बाहेर येण्यासाठी आणि पुन्हा लपण्यासाठी यूएसबीचे पायाने दाबायचे पेडल घेतले तर मूळ आर्केड यंत्रासारखे वाटते. गोळीसरशी पडदा पांढरा चमकतो, म्हणून ज्यांना लुकलुकत्या उजेडाचा त्रास होतो त्यांनी हे खेळ हेडसेटमध्ये खेळूच नयेत. पंखा कोणत्या उंचीवर आहे तेही बघावे, हे मी अनुभवाने सांगतो.

भंगारवाल्याचा_मित्र यांचे उत्तर :

थोडा विरोधी सूर लावतो. अर्धा किलोचे वजन तोंडावर बांधून खोट्या टीव्हीवर खोटी बंदूक रोखण्यापेक्षा जुना डबा टीव्ही मिळवावा. आपल्या माळ्यावरच्या बंदुकीला तोच लागतो. सध्याच्याच टीव्हीवर खेळायचे असेल तर सिंडेन बंदूक आहे : चित्राभोवती पांढरी चौकट काढतात आणि बंदुकीतला कॅमेरा ती चौकट पाहून नेम ठरवतो. टीव्हीभोवती इन्फ्रारेड दिवे लावून चालणाऱ्या बंदुकाही आहेत. मात्र आपल्याला डबा टीव्हीसकट ती खोलीच परत हवी असेल, तर व्हीआरला माझ्याकडे तोड नाही, हेही कबूल करतो.

माशी_आणि_खाच :

टाइम क्रायसिसमध्ये चूक निम्मी होत नाही, म्हणजे कोन आणि कॅलिब्रेशन असे दोन दोष एकत्र आहेत. कोन दुरुस्त करण्यापूर्वी आपण खेळाच्या आत कॅलिब्रेशन केले होते का? आणि खेळ दरवेळी सुरुवातीपासून लावता की जतन केलेल्या स्थितीतून?

पिवळी_कॅसेट :

ताई, नेमके तेच होते. पहिल्याच दिवशी वाकड्या कोनाने कॅलिब्रेशन करून पहिल्या टप्प्याच्या दारात मी स्थिती जतन केली होती आणि रोज तिथूनच खेळ उघडत होतो. त्या स्थितीत यंत्राची सगळी स्मृती जशीच्या तशी साठते, म्हणून कितीही सुधारणा केली तरी पहिल्या दिवसाची चूक रोज परत येत होती. आज आधी कंट्रोलरचा कोन तीन अंश वर आणि दोन अंश उजवीकडे घेतला, ती जतन केलेली स्थिती पुसली, खेळ सुरुवातीपासून लावला आणि एक मीटरवर उभे राहून मध्यावरच्या खुणेवर नव्याने कॅलिब्रेशन केले. फुली बंद आहे. पहिल्या टप्प्यात पाच वेळा मेलो, पण नेमामुळे नाही.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला होता. डक हंटमध्ये एका बदकाचा खेळ लावला की पहिल्या पोर्टच्या कंट्रोलरने ते बदक दुसऱ्याला उडवता येते, हे त्याला अजून आठवत होते. मी हेडसेट चढवला, त्याने कंट्रोलर घेतला आणि पुढचा अर्धा तास मला एकही बदक पाडू दिले नाही.