कर्करोगातून बऱ्या झालेल्या भावाला तपासणीची धास्ती वाटते, काय करावे?

प्रश्न (परभणी):
माझ्या धाकट्या भावाला शाळेत असताना रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार पूर्ण होऊन काही वर्षे लोटली असून आता तो नांदेडला अभियांत्रिकी शिकतो. वर्षातून एकदा देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला तपासणीसाठी जावे लागते. तारीख जवळ आली की त्याचे जेवण तुटते, तो सारखी मान चाचपून गाठ आहे का पाहतो आणि साधी कणकण आली तरी रात्र जागून काढतो. मी विषय काढला की आई म्हणते, "झाले गेले गंगेला मिळाले, आता कशाला उगाळायचे?" डॉक्टरांनी विचारले तरी आमच्यादेखत तो "काही नाही" एवढेच सांगतो. ही भीती आपोआप जाते का?

उत्तर (लातूर):
मी स्वतः किशोरवयात या आजारातून गेले आहे. उपचार चालू असताना अवतीभवती माणसे असतात. ते संपले की सगळे आपापल्या कामाला लागतात आणि ज्यांनी आपण बरे झालो म्हणून पेढे वाटले, त्यांनाच आपण घाबरलो आहोत हे सांगायची चोरी होते. स्टिरॉइडमुळे सुजलेल्या चेहऱ्याचा दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो मी कित्येक वर्षे लपवून ठेवला होता. पुढे स्थळे येऊ लागली, तेव्हा आजाराचे सांगायचे का आणि मूल होईल का, हे प्रश्न कोणाला विचारावेत ते कळेना. भावाच्या मनातही असे काही असू शकते, म्हणून केवळ तपासणीचीच भीती आहे असे धरून चालू नका.

उत्तर (वैद्यकीय समाजसेविका, छत्रपती संभाजीनगर):
तारखेच्या आधी वाढणारी आणि अहवाल चांगला आला की ओसरणारी भीती पुष्कळ जणांना असते. ती नंतरही टिकली, झोप व अभ्यास बिघडू लागला किंवा तो तपासणीच टाळू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. तपासणी टाळणे धोक्याचे आहे, कारण डॉक्सोरुबिसिनसारख्या कर्करोगावरील औषधांचा हृदयावरील परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी दिसतो. भाऊ सज्ञान आहे, तेव्हा डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू द्या. तुम्ही बाहेर थांबा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे. मुंबईला जायची वाट पाहायची नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर मात्र त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

उत्तर (बीड):
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु आईंना दोष देऊ नये असे एक बाप म्हणून मला वाटते. आमच्या घरीही हा विषय बंद होता. समुपदेशकांसमोर माझ्या पत्नीने अहवाल येईपर्यंत तिचाही डोळा लागत नसल्याचे सांगितले, तेव्हा मुलगा पहिल्यांदा तिच्याशी मोकळेपणाने बोलला. या खेपेस आईंनाही सोबत न्या आणि त्यांच्यासाठीही समुपदेशकांची वेळ मागून घ्या.