मदत हवी आहे: हीटिंगचा आकडा रोज बदलतोय

रानवारा
न्यूझीलंडमध्ये डनीडिनला जुना व्हिला घेतलाय, पार मोडकळीला आलेला. वॉलपेपर ओढला तर मागून गोणपाट आणि उंदरांच्या लेंड्या. असो. टेनन्सी सर्व्हिसेस, म्हणजे इथलं भाडेकरारांचं सरकारी खातं, त्यांच्या हीटिंग टूलमध्ये मापं भरली; खोलीला किती किलोवॅटचं हीटिंग लागेल ते ते सांगतं. मागच्या महिन्यात ४.१ किलोवॅट आले, आज ६.३. खोली तीच! हीटपंप (खोली गरमही करणारा एसी) बसवणारा शनिवारी येतोय. कुठला आकडा सांगू?

चुलीपाशी
स्वतः राहणार की भाड्याने देणार? हेल्दी होम्स, म्हणजे घर उबदार ठेवण्याचे वगैरे सरकारी नियम, भाड्याच्या घरांनाच आहेत.

रानवारा
भाड्यानेच. नाहीतर टूल कशाला उघडलं असतं?

लाकूडफोड्या
हीटपंप सोडा, वुडबर्नर (लाकडावरची बंद शेगडी) बसवा. वीज गेली तरी घर उबदार. आमचा १९ वर्षं चालतोय.

चुलीपाशी
आणि भाडेकरूने लाकडं फोडायची? धुराडं कोण साफ करणार? @रानवारा, बेडरूम धरल्यात का? नियमाने १८ डिग्री फक्त मुख्य बैठकीच्या खोलीत लागतात.

निफाडकर
१८ ला हीटर? आमच्याकडे पारा ५ च्या खाली गेला की बागेत शेकोट्या पेटवतो, त्याही द्राक्षांसाठी. माणसांना घोंगडी.

रानवारा
बेडरूम नाही धरल्या. फक्त हॉल. आता किचनही त्यातच आलंय, मधली भिंत पाडली ना.

चुलीपाशी
अहो, मग हे आधी सांगायचं! दार नसलेली, कायम उघडी जागा बैठकीतच मोजतात. ६.३ बरोबर आहे.

काचवाला
डबल ग्लेझिंग (खिडक्यांना दुहेरी काच) करून घ्या, आकडा उतरेल.

चुलीपाशी
त्यांनी खिडक्यांचं विचारलंय का? सध्या हॉलमध्ये काही हीटर आहे?

रानवारा
२०१६ चा हीटपंप आहे, चालतो. पण जुना, म्हणून काढणार होतो. लेबलवर कूलिंग ४.२, हीटिंग ४.८.

चुलीपाशी
काढू नका! हीटिंगचा ४.८ धरा. १ जुलै २०१९ आधीचा असेल आणि दीड किलोवॅटपर्यंतच कमी पडत असेल, तर भिंतीवर पक्का बसवलेला, थर्मोस्टॅटवाला दीडचा इलेक्ट्रिक हीटर जोडीला चालतो. तुम्हाला बरोबर दीडच कमी पडतोय.

लाकूडफोड्या
भिंत पाडली नसती तर ४.१ ला हा ४.८ पुरून उरला असता. वुडबर्नरही नको.

रानवारा
ते कळलं हो. सरकतं दार लावलं तर किचन वेगळं धरतात ना? ओपनिंग ३.२ मीटरचं आहे. एवढं दार तयार मिळतं का?