मदत हवी आहे: रानभाज्यांच्या नोंदी नकाशावर येईनात, मंगळवारी ग्रामसभा आहे

पैनगंगाकाठ
किनवट तालुक्यातलं आमचं गाव. गटातल्या बायकांबरोबर पावसाळाभर फिरून करटुलं, तरवटा, मोहा, चारोळी, बिब्बा, डिंकाची झाडं, सगळ्यांच्या जागा नोंदवल्या. 212 नोंदी. गावाच्या जैवविविधता नोंदवहीसाठी (गावातल्या झाडाझुडपांची, जिवांची नोंद) लागतात. आता नकाशा उघडला की गाव रिकामं आणि ठिपके भलतीकडंच. तीन रात्री गेल्या. लवकर सांगा. गूगल करा म्हणू नका, केलंय.

डोंगरउतार
भलतीकडं म्हणजे कुठं? सॉफ्टवेअर कोणतं? नोंदी फोनवर घेतल्या का?

आज्जीचीचूल
तरोट्याची, म्हणजे तुझ्या तरवट्याची, भाजी कोवळी असतानाच खुडायची बाई. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, वरून ज्वारीची भाकरी. निबर झाली की कडू लागते.

पैनगंगाकाठ
काकू, भाजी येते मला. @डोंगरउतार, क्यूजीआयएस, संगणकावर नकाशे करायचं. एक्सेलची शीट होती, सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) केली. ठिपके नॉर्वेच्याही वर पडलेत. हसू नका.

डोंगरउतार
हसलो, माफ करा. अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. किनवट साधारण 19 उत्तर, 78 पूर्व. तुम्ही 78 उत्तर, 19 पूर्व केलंय, तिथं स्वालबार्डची बेटं आहेत. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, पण क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश. फाइल परत जोडा, रकाने बदला, सीआरएस, म्हणजे जागा मोजायची पद्धत, 4326 ठेवा, ती साध्या अक्षांश-रेखांशाची.

लातूरचा_गडी
एवढा कुटाणा कशाला? गूगल माय मॅप्समध्ये शीट टाका, दोन मिनिटांचं काम. आमच्या शाळेची झाडं मी तशीच टाकली.

डोंगरउतार
शाळेच्या आवारात रेंज असते हो. पुढच्या पावसाळ्यात ह्यांना रानात परत नोंदी घ्यायच्यात. क्यूफील्ड घ्या, क्यूजीआयएससोबत चालणारं फोनवरचं ॲप, फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं.

पैनगंगाकाठ
आले! गावात आले! पण चाळीसेक ठिपके तेलंगणात गेलेत.

डोंगरउतार
तेवढेच चाळीस? ते कुणी घेतले?

पैनगंगाकाठ
सरांच्या जुन्या जीपीएसवरचे, वहीत होते. 19 38 12 असं. मी 19.3812 टाकलं.

डोंगरउतार
ताई, हे आधी सांगायचं ना! ती अंश, मिनिटं, सेकंद आहेत. मिनिटांना 60नं, सेकंदांना 3600नं भागून अंशात मिळवा. 19.6367 येतं. तुमचा ठिपका 28 किलोमीटर दक्षिणेला घसरला होता. रेखांशालाही तेच करा.

झाडमोजणी
मधेच बोलतो. यादीत सफेद मुसळी, ती औषधी कंदाची, आहे का? असेल तर ती जागा सभेत भिंतीवर लावू नका. कंद उपटून नेणाऱ्याला आयताच पत्ता मिळतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटातल्या जातींचा ठिपका सुमारे 22 किलोमीटरच्या चौकोनात कुठंही दाखवतात, ते उगाच नाही.

लातूरचा_गडी
लपवून कसलं संवर्धन? 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर (लाकूड सोडून मोहफुलं, डिंक असलं) गावाचा हक्क आहे. दाखवायला पुरावा नको का?

झाडमोजणी
पुरावा गावाच्या जैवविविधता समितीच्या कपाटात ठेवा की. भिंतीवरच्या नकाशात मोहा, चारोळी दाखवा, मुसळीला नुसतं शिवाराचं नाव. दोन नकाशे करायला काय जातंय?
आणि ताई, तुमचा तरवटा कोणता? गुडघाभर वाढणारी पावसाळी भाजी, की पिवळ्या फुलांचं तरवडाचं झुडूप, ज्याच्या सालीनं कातडं कमावतात?

कोकणकन्या
भाजीवाला असेल तर आमच्याकडे त्याला टाकळा म्हणतात.

पैनगंगाकाठ
हे अवघड झालं. 31 नोंदी आहेत तरवट्याच्या. मी भाजीच समजून लिहिलं, पण माळावर दोन मावश्यांनी झुडूप दाखवलं होतं, तेही त्यातच गेलं. फोटो सगळ्यांचे नाहीत. उद्या त्यांनाच घेऊन परत जाते. मुसळी चार ठिकाणी होती, भिंतीवरच्या नकाशातून काढली. मोठा प्रिंट कुठं होईल?

लातूरचा_गडी
फ्लेक्सवाल्याकडं करा. स्वस्तात होतंय.

पैनगंगाकाठ
विचारलं. म्हणतो, वर साहेबांचा फोटो कोणता टाकू?