मदत हवी आहे: भाऊ एडनच्या आखातातून जाणार, सिटाडेलबद्दल शंका

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर ओएस (ऑर्डिनरी सीमन, म्हणजे डेकवरचा साधा खलाशी) आहे, जहाज लवकरच एडनच्या आखातातून जाणार आहे. (जहाजाचं नाव आणि तारखा मुद्दाम लिहीत नाही.) मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळे फौजेतलं सांगणारे आमच्याकडे गल्लोगल्ली भेटतात. समुद्रातलं सांगणारं कुणी नाही, म्हणून इथं विचारतोय.

चाचे आले तर सगळ्यांनी सिटाडेलमध्ये (जहाजातली लपायची मजबूत, सुरक्षित जागा) जाऊन आतून कड्या लावायच्या, एवढं भावानं सांगितलंय. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' जहाजावरचे २१ जण असेच आत बसले, त्यात १५ भारतीय. आयएनएस चेन्नईवरचे मार्कोस (नौदलाचे कमांडो) चढले आणि सगळे सुखरूप सुटले. हे वाचून आईला जरा धीर आला.

मला मात्र घोर लागलाय. भावाचा पहारा रात्री बारा ते चार, जहाजाच्या पार मागच्या टोकाला. चाचे बहुतेक मागूनच येतात म्हणे. अलार्म वाजला की बाकीचे आतल्या जिन्यानं खाली उतरतात, हा उघड्या डेकवरून धावत येणार. ड्रिलमध्येही हाच शेवटी पोचतो. दार त्याच्यासाठी कुठवर उघडं ठेवणार? नवीन पोरगा, ऑफिसरला विचारायला कचरतो. विचारलं तर चालतं का?

प्रतिसाद (निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, निपाणी):

दादा, चालतं का काय, विचारायलाच हवं. आजच चीफ ऑफिसरशी बोलायला सांगा. सिटाडेलमध्ये हजेरी पूर्ण लागते. एक जरी माणूस बाहेर चाच्यांच्या हाती लागला तर नौदलालाही जहाजावर चढता येत नाही. म्हणून संशयित होडी जवळ येतेय असं दिसताच डेक रिकामा करायचा असतो, चाच्यांची शिडी जहाजाला लागेपर्यंत थांबायचं नसतं.

आणि दारांचं बघा. त्या भागात बाहेरची दारं आतून बंद ठेवतात, येण्याजाण्याला बहुधा एकच चालू असतं. त्याच्या जागेपासून ते किती लांब आहे, आतून कोण उघडणार, वॉकीटॉकीवर 'आत ये' कोण सांगणार, हे ठरलेलं हवं. रात्रीच्या अंधारात एकदा ड्रिल करून मागा.

नौदल आत आलं की खाली बसून रिकामे हात दिसतील असे ठेवायचे, मोबाइलचा फ्लॅश मारायचा नाही.

पगाराचं आईला सांगा: चाच्यांनी धरून ठेवलं तरी करार आणि पगार चालू राहतो, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनच्या २०१८ च्या दुरुस्तीत तसं आहे.