भातलावणीच्या चिखलात त्वचा जंतूंना कशी अडवते?

प्रश्न (खानापूर तालुका):
आषाढात लावणी सुरू झाली की आई दिवसभर पोटरीभर चिखलात असते. त्याच चिखलात शेणमूत असते, बांधात उंदरांची बिळे असतात. तरी तिच्या हातांना काही होत नाही, मात्र आठवड्याभरात पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलली जाते आणि चिखल्या होतात. एकच त्वचा दोन जागी अशी वेगळी का वागते? जंतुनाशक साबणाने दिवसातून तीन-चार वेळा पाय घासावेत का?

उत्तर (बेळगाव, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक):
त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या चपट्या मृत पेशींचा असून त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ चिऱ्यांच्या भिंतीत भरलेल्या दर्जांप्रमाणे फटी बुजवतात. या पेशी सतत झडतात आणि त्यांना चिकटलेले जंतूही त्यांच्याबरोबर जातात. शिवाय पृष्ठभागाचा सामू (पीएच) सुमारे ५, म्हणजे आम्लधर्मी असतो, तेथे वस्तीला असलेले निरुपद्रवी जिवाणू जागा अडवून बसतात, आणि घामात डर्मसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन असते, जे जर्मनीतील संशोधकांनी २००१ मध्ये शोधले.

हात वाऱ्याने सुकतात. बेचक्यांत वारा पोहोचत नाही, त्यामुळे तो थर पाणी पिऊन फुगतो, पेशींमधल्या त्या दर्जा सैल होतात आणि बुरशीला हवा तो ओलावा मिळतो. साध्या साबणाचा सामू ९ ते १० असल्याने वारंवार घासण्याने आम्लता आणि तेल दोन्ही जातात. त्यापेक्षा पाय स्वच्छ पाण्याने धुऊन जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने प्रत्येक बेचके टिपून कोरडे करावे. खोबरेल तेल टाचांच्या भेगांना लावावे, बेचक्यांत नको.

उत्तर (निपाणी, आरोग्य कर्मचारी):
सरांच्या उत्तरात एक भर घालणे मला आवश्यक वाटते. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू धडधाकट त्वचेतून सहसा शिरत नाहीत, परंतु खरचटलेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शिरू शकतात. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या फार दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. आईला मधुमेह आहे, हे लिहायचे राहिले होते.

उत्तर (निपाणी, आरोग्य कर्मचारी):
मग उद्याच डॉक्टरांना पाय दाखवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते आणि जखम झालेली कळतही नाही, म्हणून रोज संध्याकाळी चांगल्या उजेडात त्यांची बेचकी आणि टाचा तुम्ही स्वतः पाहत जा.